काडिझला मुक्काम करावा

दक्षिण स्पेनमधल्या सेव्हियाहून काडिझला रेल्वेने साधारण पावणेदोन तास लागतात. त्यामुळे बहुतेक पर्यटक सकाळी येतात, कॅथेड्रलचा पिवळा घुमट बघतात, मासे खातात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. मी एकटी होते, कुणाची मर्जी सांभाळायची नव्हती. सरळ जुन्या गावात रात्रीची खोली घेतली.

जुनं काडिझ चिंचोळ्या जमिनीच्या टोकाला आहे. तीन बाजूंना अटलांटिक. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं हे गाव पश्चिम युरोपातल्या सगळ्यात जुन्या शहरांपैकी एक, पण त्याचा तोरा कुठे दिसत नाही. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या गॅलरीतल्या बाईंना हात पुसायला फडकं द्यावं. कोपऱ्याकोपऱ्यांवर जुन्या तोफा उभ्या गाडलेल्या आहेत, घोडागाड्यांच्या चाकांनी भिंती खरवडू नयेत म्हणून. निवृत्त तोफेला याहून बरं काम कुठलं!

उंचावरून बघायचं तर तोर्रे ताविरा. १७१७ मध्ये अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराचं मुख्य कार्यालय सेव्हियाहून इथे आलं आणि गावात पैसा खेळू लागला. आपलं जहाज परत येतंय का, हे शेजाऱ्याच्या आधी कळावं म्हणून व्यापाऱ्यांनी घरांवर मनोरे चढवले. शंभराहून जास्त मनोरे अजून उभे आहेत. ताविरा त्यातला सगळ्यात उंच, १७७८ पासून बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा. वर अंधाऱ्या खोलीत एक पांढरी, वाटोळी तबकडी आहे. छतातल्या आरशातून आणि भिंगातून बाहेरचं शहर तिच्यावर उतरतं, आणि ते चित्र चालतंबोलतं असतं. गच्चीवर एक माणूस चादरी वाळत घालत होता. वाऱ्याने एक चादर त्याच्या तोंडावर गुंडाळली, तसे आम्ही दहाबारा अनोळखी लोक अंधारात एकदम हसलो. त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही.

तो वारा म्हणजे लेव्हांते, पूर्वेकडून येणारा, कोरडा आणि हट्टी. गल्ल्या अरुंद का, हे तो सुटला की समजतं.

दुपारी मर्कादो सेंत्राल या मुख्य बाजारात गेले. लालभडक ट्यूनाचे हातभर तुकडे, बर्फावर रचलेली कोळंबी, आणि विक्रेत्यांचा आरडाओरडा असा की बोली कळत नसूनही परकं वाटू नये. बाजूच्या गाड्यावर तोर्तियीता दे कामारोनेस घेतली. बारीक कोलीम सालासकट, गव्हाचं आणि हरभऱ्याचं पीठ, कांदा, पार्सली. पातळ कालवून तेलात सोडलेलं, कडा जाळीदार आणि कुरकुरीत. कोकणात जवळ्याची भजी खाल्लेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिखट तेवढं नव्हतं. हिरवी मिरची असती तर मी तिथून हललेच नसते.

तीन वाजता दुकानांची शटरं खाली आली. वाद घालण्यात अर्थ नाही, झोपावं. मी झोपले.

संध्याकाळी ला कालेता. दोन किल्ल्यांच्या मधला हा छोटा किनारा गावातल्या लोकांचा आहे. घडीच्या खुर्च्या गोलात मांडून आज्या बिंगो खेळत होत्या, पैसे डब्यात. सान सेबास्तियान किल्ल्याकडे जाणाऱ्या दगडी वाटेवरून पोरं धडाधड पाण्यात उड्या मारत होती. ओहोटीमुळे होड्या वाळूवर कलंडलेल्या. जूनचा शेवट होता, सूर्य बुडायला पावणेदहा वाजले. स्पेन इतकं पश्चिमेला असून घड्याळ जर्मनीचं लावून बसलंय, त्याचा हा फायदा.

आणि मग खरं काडिझ सुरू झालं. दिवसाचे पर्यटक गेलेले, ला विन्या या जुन्या कोळीवाड्यात टेबलं रस्त्यावर आलेली. काये दे ला पाल्मा या गल्लीत एक पाटी आहे: १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर आलेल्या लाटा इथवर पोचल्या होत्या. चर्चमधून देवीचा ध्वज बाहेर आणला आणि पाणी मागे फिरलं, असं लोक सांगतात. आता तिथेच कासोन एन अदोबो तळतात: व्हिनेगर-जिऱ्यात मुरवलेल्या मुशीचे तुकडे.

एकटीने टेबल अडवून बसायला मला अवघडतं, पण इथे अर्धं गाव उभ्यानेच जेवतं. काउंटरपाशी गेले तसं एका काकांनी कोपर आवरून जागा केली. बारवाला मला 'गुआपा', म्हणजे सुंदरी, म्हणून हाक मारत होता. शेजारच्या सत्तरीच्या आजींनाही तेच. 'एकटीच?' आजींनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी आपल्या ताटलीतले ऑलिव्ह माझ्याकडे सरकवले आणि चौकशी सुरू केली: लग्न, पगार, भारतात डुक्कर खातात का. माझं स्पॅनिश तिसऱ्या प्रश्नाला संपलं, त्यांचं काही संपलं नाही. मध्यरात्र उलटली तरी चौकात पोरांचा फुटबॉल चालूच होता.

फेब्रुवारीत जाणार असाल तर खोली फार आधी बघा. तेव्हा इथला कार्निव्हल असतो. राजकारण्यांपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांची गाण्यातून टर उडवणाऱ्या मंडळ्यांची स्पर्धा फाया थिएटरात रात्र रात्र चालते. आजींचा नातू त्यातल्याच एका मंडळीत गातो. यायचं आमंत्रण मिळालंय, पण राहायची सोय तुझी तू बघ, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.