शहाण्यासारखा बसणारा भोलू

"दोन वर्षांत किती शहाणा झालाय, डॉक्टर! मी लिहायला बसले की जागचा हलत नाही." लसीसाठी आलेल्या लेखिकाबाई कौतुकानं सांगत होत्या आणि माझं लक्ष भोलूच्या मागच्या पायांकडे होतं. नऊ वर्षांचा पिवळा लॅब्रडॉर. दारापासून वजनकाट्यापर्यंत दहा पावलं, पण शेवटच्या तीन-चार पावलांत मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदमच पडत होते. बसताना तर त्यानं अंग टाकूनच दिलं.

आधीच्या दवाखान्याच्या कागदावर ‘वयोमानानुसार’ एवढा एकच शब्द. कुत्र्याला हात न लावता लिहिलेला हा शब्द मला फार खटकतो. वयानं कुत्रं थोडं मंदावतं, पण उठायचंच टाळायला लागलं तर त्यामागे कारण असतं.

वजन 34 किलो, हवं होतं 28च्या आसपास. छाती-खांदे भरलेले, मांड्या मात्र वाळलेल्या. शरीराचा भार त्यानं कधीच पुढच्या पायांवर घेतला होता. मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला, त्यानं लगेच सरळ केला, म्हणजे मज्जातंतूंची शंका बरीच कमी झाली. कमरेच्या मणक्यांवर दाब दिला, काही नाही. उजवा खुबा मागे ताणला, तेव्हा त्यानं श्वास रोखला, मान वळवली आणि माझ्या मनगटावर एकदा जीभ फिरवली. बस, इतकंच. कुत्रं विव्हळलं तरच दुखतंय, असं बहुतेकांना वाटतं. सांध्याचं जुनं दुखणं विव्हळत नाही, ते हालचाली एकेक करून काढून घेतं.

एक्स-रे गुंगी देऊनच काढला. कुत्रं उताणं, मागचे पाय सरळ ताणलेले, गुडघे किंचित आत वळवलेले. कंबर जराशी जरी कलली तरी एका बाजूच्या खुब्याची वाटी, म्हणजे मांडीचं हाड जिच्यात बसतं ती खोबण, आहे त्याहून उथळ दिसते आणि निदान चुकतं. जागेपणी धरून काढलेल्या चित्रांत मी हे कितीदा पाहिलंय. भोलूच्या दोन्ही वाट्या उथळ, मांडीच्या हाडाचं गोल डोकं चपटं झालेलं, त्या हाडाच्याच मानेभोवती नव्या हाडाची कड. खुबे वाढीच्या वयातच सैल राहिले असणार, संधिवात वर्षानुवर्षं त्यावर साचत गेला.

पण दुखायला कधी लागलं, हे एक्स-रे सांगत नाही. काहींचं चित्र भयंकर असतं आणि कुत्रं धावतं, काहींचं उलट. मालकांना विचारावं तर "हल्लीच" हे ठरलेलं उत्तर. बाई मात्र दुसऱ्या दिवशी वह्या घेऊन आल्या. त्या हातानं लिहितात. भोलू गुडघ्यावर नाक टेकवून त्यांना उठवायचा, की समासात ‘भो’ लिहून वेळ टाकायच्या, परत आल्यावर कुठून सुरू करायचं ते कळावं म्हणून. दोन वर्षांपूर्वीच्या वहीत दुपारपर्यंत चार-पाच ‘भो’, साधारण सव्वा-सव्वा तासानं. मग तीन. मग एक. नंतर सलग अकरा पानं समास कोरा, आणि एका पानाखाली बारीक अक्षरात: ‘आज भोलू शहाण्यासारखा बसला. आठ पानं झाली.’

इतका नेमका पूर्वेतिहास मला क्वचितच मिळाला असेल. त्या ओळीवर बोट ठेवून बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनचा कुत्रा कार्लो सोळा वर्षं तिच्यासोबत होता. कार्लो न्यूफाउंडलंड जातीचा, अवजड हाडाचा. माझ्या मनात आलं ते त्याच्या खुब्यांचंच.

रक्त-लघवी तपासली. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि यकृताची विकरं ठीक, सुस्ती आणि वजनामुळे पाहिलेलं थायरॉइडही ठीक. मग मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक: पहिल्या दिवशी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, पुढे 0.1, म्हणजे रोज 3.4 मिलिग्रॅम, जेवणासोबतच. उलटी, काळी शी किंवा अन्नावरची वासना गेली तर औषध त्याच दिवशी बंद. घरातली माणसांची वेदनाशामकं मुळीच नाहीत. आयब्युप्रोफेननं पोटात व्रण झालेली, मूत्रपिंडं गेलेली कुत्री मी पाहिली आहेत. खाणं दिवसाला साधारण 850 किलोकॅलरी, वाटीनं नव्हे, काट्यावर तोलून. वजन आठवड्याला एक-दोन टक्क्यांहून झपाट्यानं उतरवायचं नाही. एकदम पाऊण तास फिरवण्याऐवजी पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा. नखं कापली. आणि लिहायच्या खोलीतल्या गुळगुळीत फरशीवर टेबलापासून दारापर्यंत रबरी चटई, कारण त्या फरशीवर उठताना मागचे पाय फाकतात आणि मग कुत्रं उठणंच सोडतं. सगळ्या उपायांत घरोघरी टाळला जातो तो हाच.

एकोणिसाव्या दिवशी बाईंनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. समासात ‘भो 10:40’. शेजारचं वाक्य अर्धवट.

सहा आठवड्यांनी वजन 31.5 भरलं. क्रिएटिनिन जागेवर होतं. वजन उतरलं, म्हणून औषधाची मात्रा थोडी कमी करून पाहिली. निघताना बाईंनी विचारलं, "त्या कोऱ्या समासाच्या दिवसांत लिहिलेलं ठेवू की काढून टाकू?" मी भोलूचा मागचा पाय हातात धरून उभी होते. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.