तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅडमिन असूनही नकार का येतो

‘खाते अ‍ॅडमिनचे आहे, संगणक माझा आहे, तरी विंडोज मला माझीच फाइल का उघडू देत नाही, आणि तुम्ही एकदाच सगळ्या ड्राइव्हला फुल कंट्रोल देऊन हे कायमचे का मिटवत नाही?’ हा प्रश्न मला इतक्यांनी इतक्या वेळा विचारला आहे की, आता लिहूनच उत्तर द्यावे असे ठरवले. मी काम टाळतो, असे काहींना वाटते. तसे नाही.

अ‍ॅडमिनला सारे काही खुले असते, ही समजूतच मुळात चुकीची आहे. 2007 साली विंडोज व्हिस्टा आल्यापासून अ‍ॅडमिनने लॉगिन केले की विंडोज त्याच्यासाठी दोन टोकन, म्हणजे अधिकारांची ओळखपत्रे, तयार करते, एक पूर्ण अधिकारांचे आणि एक छाटलेले. रोजचे प्रोग्रॅम छाटलेल्या टोकनवर चालतात आणि ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ केल्याशिवाय पूर्ण टोकन वापरात येत नाही. सिस्टिमच्या बहुतेक फाइलींची मालकी तर ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्या स्वतःच्या अंतर्गत खात्याकडे असते. अ‍ॅडमिनला ती घेता येते. पण घेईपर्यंत तो मालक नसतो.

हे सारे ठाऊक असूनही मी चुकलो, आणि ती चूक ताईला भोगावी लागली. तिचा संगणक फार मंदावला होता. त्यावर विंडोज 7 प्रोफेशनल होते. तिची चार वर्षांची मुलाखतींची टिपणे डी ड्राइव्हवर होती, म्हणून मी निर्धास्तपणे सी फॉरमॅट केला, विंडोज नव्याने टाकले आणि तिच्या जुन्याच नावाने खाते उघडले. तर डीवरचा तिचा फोल्डर उघडेना. सिक्युरिटीच्या टॅबमध्ये तिच्या नावाच्या जागी ‘एस-1-5-21’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक होता, कारण विंडोज आपल्याला नावाने नव्हे तर एसआयडीने, म्हणजे खात्याच्या ओळख क्रमांकाने, ओळखते, आणि नाव तेच ठेवले तरी नव्या खात्याचा एसआयडी नवाच असतो. इथवर मला काही विशेष वाटले नाही. मालकी घेणारी टेकओन ही कमांड चालवली, परवानग्या बदलणाऱ्या आयकॅक्ल्स या कमांडने फुल कंट्रोल दिला, फोल्डर उघडला. आतल्या फाइलींची नावे हिरव्या अक्षरांत होती. मी डबल-क्लिक केले आणि पुन्हा ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आले. परवानग्या तपासल्या, तर फुल कंट्रोल होताच. पुन्हा मालकी घेतली, वरच्या फोल्डरकडून आलेल्या परवानग्या काढून नव्या दिल्या, आणि जवळजवळ दोन तास हेच करत राहिलो. शेजारी बसलेल्या ताईने शेवटी विचारले, ‘ही नावं हिरवी का आहेत रे?’

हिरवी नावे म्हणजे ईएफएस, फाइली एन्क्रिप्ट म्हणजे सांकेतिक करून ठेवण्याची विंडोजची सोय. कधीतरी तिने फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एन्क्रिप्शनची खूण केली होती. तसे केले की फाइलीतला मजकूरच बदलतो, आणि तो उलगडणारी खासगी की, म्हणजे किल्ली, वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये राहते. ते प्रोफाइल सी ड्राइव्हवर होते आणि तो मी पुसला होता. परवानगी बदलता येते, मालकी घेता येते, पण गेलेली की कोणत्याही अधिकाराने परत येत नाही.

मला सर्वांत जास्त सलते ते वेगळेच. ती खूण केली तेव्हा विंडोजने कीचा बॅकअप घेण्याची सूचना दाखवली होती, आणि ताईने मला फोन करून ‘हे काय आलंय?’ असे विचारले होते. ‘काही नाही, बंद कर ते,’ असे मी म्हणालो होतो. त्या रात्री तो फोन मला आठवला. तिलाही आठवत होता; मी विचारेपर्यंत तिने तो काढला नाही. टिपणांपैकी मार्गदर्शकांना ईमेलने पाठवलेला तेवढाच भाग परत मिळाला.

तेव्हाचा मी आजही वाद घालतो की, दोष विंडोजचाही होता. छाटलेले टोकन, परका एसआयडी आणि हरवलेली की या तिन्ही नकारांना ते जवळजवळ एकच वाक्य दाखवते. यात तथ्य आहे. ‘काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून नियंत्रित केल्या जातात’ असे घरच्या संगणकावर वाचून घाबरलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यामागे बहुधा एखाद्या प्रोग्रॅमने रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या, पॉलिसीजमध्ये टाकलेली एखादी नोंद असते, आणि होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर हे पॉलिसीज बदलण्याचे साधनच नसल्याने ती रजिस्ट्रीत शिरूनच शोधावी लागते. अशा वेळी माणसाने चिडू नये, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

पण म्हणून एव्हरीवनला, म्हणजे संगणकावरच्या सगळ्यांनाच, फुल कंट्रोल देणे मला मान्य नाही. तसे केल्यावर तुम्ही चालवलेला कोणताही प्रोग्रॅम तुम्हाला न विचारता सिस्टिमच्या फाइली बदलू शकतो, आणि मूळ परवानग्यांची नोंद आधी ठेवली नसेल, तर त्या जशाच्या तशा परत आणणे फार अवघड असते. म्हणून मी आधी आयकॅक्ल्सने ती यादी सेव्ह करतो, मालक कोण ते पाहतो, इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस, म्हणजे कोणाला प्रत्यक्षात काय करता येते ते, तपासतो, एन्क्रिप्शनची खूण आहे का ते बघतो, आणि याला वेळ लागतो. तुम्ही मागे उभे राहून घड्याळाकडे बघता ते मला कळते. घाईत माझाही हात अजून आधी टेकओनकडेच जातो, आणि ज्याला फाइल आज संध्याकाळीच हवी आहे त्याला किती वेळ ताटकळत ठेवावे, हे मला दर वेळी नव्याने ठरवावे लागते.