एक आठवडा वर, सातशे चाळीस आठवडे खाली

अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या यादीत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम २८ एप्रिल १९७३ रोजी पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि पुढच्याच आठवड्यात तिथून खाली उतरला. हकिगत एवढ्यावरच संपली असती, तर आज तिची आठवण काढण्याचे काही कारण नव्हते, कारण एका आठवड्याचे राजे त्या यादीत पैशाला पासरी सापडतात. पण हा अल्बम पहिल्या क्रमांकावरून उतरला तो यादीबाहेर जाण्याचे नावच घेईना. १९७३ ते १९८८ या काळात, अधूनमधून बाहेर पडत आणि पुन्हा आत शिरत, तो एकूण ७४१ आठवडे त्या दोनशेंच्या यादीत राहिला. तो प्रसिद्ध झाला त्या वर्षी जन्मलेले मूल तो यादीतून गेला तेव्हा दहावीला बसण्याच्या वयाचे झाले होते. गंमत म्हणजे बँडच्या मायदेशी, ब्रिटनमध्ये, त्याला त्या वर्षी पहिला क्रमांक एकदाही मिळाला नाही आणि त्याची धाव दुसऱ्या क्रमांकापाशीच थांबली.

मला या हकिगतीत रस आहे तो त्या पहिल्या क्रमांकापेक्षा उरलेल्या ७४० आठवड्यांत. पहिला क्रमांक मिळवण्यासाठी कंपनीचा जोर, योग्य वेळ आणि थोडे नशीब एवढे पुरते. एकशे साठाव्या क्रमांकावर वर्षानुवर्षे तग धरून राहण्यासाठी मात्र दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावातल्या दुकानात कुणीतरी नवे माणूस शिरावे लागते, त्याने तीच काळी तबकडी उचलावी लागते आणि तिचे पैसे मोजावे लागतात, आणि असे माणूस जाहिरातीने फार काळ आणता येत नाही.

पिंक फ्लॉइडला हे यश काही एका रात्रीत मिळालेले नव्हते. १९६७ मध्ये बँडचा तेव्हाचा गायक सिड बॅरेट याने लिहिलेले ‘सी एमिली प्ले’ हे गाणे ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. त्यानंतर बॅरेटचे मानसिक स्वास्थ्य ढासळले, डेव्हिड गिल्मोर बँडमध्ये आला आणि १९६८ नंतर या मंडळींनी ब्रिटनमध्ये सुटी गाणी काढणेच बंद केले. १९७० मध्ये त्यांच्या ‘ॲटम हार्ट मदर’ या अल्बमला, मुखपृष्ठावर बँडचे नाव नाही की चेहरे नाहीत, नुसती मागे वळून पाहणारी एक गाय, अशा अवस्थेत ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळाला. अमेरिकेत तोच अल्बम पंचावन्नाव्या क्रमांकावर थबकला आणि पुढच्या वर्षीचा ‘मेडल’ तर सत्तराव्यावर. कॅपिटल रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीला हा बँड विकता येत नाही, अशी बँडची खात्री होत चालली होती आणि तिथली दुसरी कंपनी शोधण्याची तयारी सुरू झाली होती.

इथे या गोष्टीत एक भारतीय माणूस येतो आणि त्याच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. भास्कर मेनन मूळचे त्रिवेंद्रमचे. डून स्कूल, दिल्लीचे सेंट स्टीफन्स आणि नंतर ऑक्सफर्ड असे त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे प्रमुख झाले, म्हणजे कोलकात्याजवळच्या दमदमला जिचा कारखाना होता, त्या आपल्या एचएमव्हीचे. मराठी घरांत नाट्यपदे आणि भावगीते ज्या तबकड्यांवरून पोहोचली, त्यांच्या लाल लेबलावर कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा असे आणि त्याखाली बारीक अक्षरांत दमदमचे नाव असे. लहानपणी मी ते अक्षर अक्षर लावून वाचले आहे. त्या कंपनीचा कारभार पाहिलेला माणूस १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन तोट्यात गेलेल्या कॅपिटलची सूत्रे हाती घेतो आणि हा अल्बम अमेरिकेत चालवून दाखवायचाच असे ठरवतो, हे मला त्या अल्बमच्या इतिहासातले सर्वांत मनोवेधक प्रकरण वाटते. मेनन यांनी रेडिओ, दुकाने, जाहिराती अशी सगळी यंत्रणा या एका तबकडीमागे लावली. बँडचा ड्रमवादक निक मेसन याने अमेरिकेतल्या यशाचे श्रेय पुढे मोकळेपणाने त्यांना दिले आहे. तरीही बँडने नव्या अल्बमसाठी अमेरिकेतली कंपनी बदललीच, त्यामुळे ‘विश यू वेअर हिअर’ हा १९७५ चा अल्बम तिकडे कोलंबियाकडून निघाला. मात्र ‘डार्क साइड’ मेनन यांच्या कॅपिटलकडे राहिला आणि ती कंपनी त्याच्यावर वर्षानुवर्षे जेवली.

अल्बम वरपर्यंत जाऊन आल्यावर त्यातले ‘मनी’ हे गाणे अमेरिकेत सुटे काढण्यात आले आणि ते तेराव्या क्रमांकापर्यंत गेले. हे गाणे पैशाची टर उडवणारे असून त्यानेच बँडला पैसा मिळवून दिला, हा विनोद आता सर्वांचा करून झाला आहे, म्हणून तो सोडून मी त्याच्या सुरुवातीकडे वळतो. गल्ल्याचा खणखणाट, नाण्यांचा आवाज, कागद फाडल्याचा आवाज, असे तुकडे बँडचा बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स याने टेपवर जमवले. त्यातली नाणी त्याने आपल्या बायकोच्या, कुंभारकामाची माती कालवण्याच्या भांड्यात टाकून वाजवली होती. टेपचे ते तुकडे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले गेले आणि एकमेकांना चिकटवून त्यांचे कडे करण्यात आले. ते कडे फिरत राहिले की तालात गल्ला वाजत राहतो. मात्रा सात. रूपकावर वाढलेल्या कानाला सातांचे कौतुक नसते, पण सम शोधत मांडीवर हात ठेवला की लक्षात येते की रूपकाचा डौल इथे नाही, ही चाल जरा लंगडत, पण फार ऐटीत येते. गिल्मोरचे गिटारवादन सुरू होताच गाणे सरळ चार मात्रांवर येते आणि ऐकणाऱ्याचे डोके आपोआप हलू लागते.

या गाण्याने आणलेला श्रोता वेगळा होता. पूर्वी त्यांच्या कार्यक्रमांना येणारे लोक गप्प बसून ऐकत. आता मोठमोठ्या मैदानांत हजारोंच्या संख्येने येणारे लोक पहिल्या मिनिटापासून ‘मनी’चा घोष करू लागले. वॉटर्सला ते सहन होईना. जुलै १९७७ मध्ये माँट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये तो पुढच्या रांगेतल्या एका श्रोत्यावर थुंकला आणि आपण हे काय केले या विचारातून त्याला श्रोते आणि गायक यांच्यामधल्या भिंतीची कल्पना सुचली. त्या कल्पनेचा ‘द वॉल’ हा दुहेरी अल्बम १९७९ च्या अखेरीस आला आणि १९८० मध्ये अमेरिकेत पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. म्हणजे खपाचा वीट आलेल्या माणसाने त्या विटेची भिंत बांधली आणि तिचाही तडाखेबंद खप झाला. त्यातले शाळकरी मुलांच्या कोरसचे गाणे हे ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणी पहिल्या क्रमांकावर गेलेले त्यांचे एकमेव सुटे गाणे. गाणारी मुले उत्तर लंडनमधल्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतली होती आणि शाळेला त्याबद्दल एक हजार पौंड मिळाले.

आता यादीत टिकून राहण्याचा प्रश्न. त्याची काही उत्तरे अगदी व्यवहारी आहेत. एफएम केंद्रांना अल्बमच्या अल्बम वाजवण्याची सवय लागली होती. नवे स्पीकर विकणारा दुकानदार गिऱ्हाइकासमोर हीच तबकडी लावत असे, कारण ॲबी रोड स्टुडिओतला ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स याने जुन्या वस्तूंच्या दुकानात मुद्रित केलेली घड्याळे एकदम वाजू लागली की गिऱ्हाइकाचा हात आपोआप खिशाकडे जात असे. तबकडीवर ओरखडे पडले की नवी घ्यावी लागे. कॅसेट आली, सीडी आली आणि त्याच माणसाने तेच त्रेचाळीस मिनिटांचे संगीत पुन्हा पुन्हा विकत घेतले. जगभरात साडेचार कोटी प्रती खपल्याचा जो अंदाज सांगितला जातो, त्यात माणसे नक्कीच तेवढी नाहीत.

मोजण्याच्या रीतीचाही यात मोठा हात आहे. १९९१ पर्यंत ‘बिलबोर्ड’ची यादी दुकानदारांनी कळवलेल्या चढत्या-उतरत्या क्रमावर बेतलेली असे, आणि काउंटरवरच्या पोराला काय आठवते आणि कुठल्या कंपनीच्या माणसाने त्याला काय भेट दिली आहे, यावरही तो क्रम थोडाफार हलत असणार. मे १९९१ पासून बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. त्याच वर्षी जुन्या अल्बमांची वेगळी यादी काढण्यात आली, आणि विक्री कितीही असली तरी म्हाताऱ्या अल्बमांना मुख्य यादीत ठेवायचे नाही असा नियम झाला. आपल्या बिनाका गीतमालेतही फार आठवडे गाजलेल्या गाण्याला ‘सरताज गीत’ म्हणून बिगुलाच्या साथीने निवृत्त करत असत. अमीन सायानी निदान निरोप तरी थाटामाटाने देत. अमेरिकेने हा नियम २००९ च्या अखेरीस मागे घेतला, त्याबरोबर ‘डार्क साइड’ पुन्हा मुख्य यादीत आला, आणि त्याची एकूण बेरीज आता नऊशे आठवड्यांच्या पुढे गेली आहे.

पदकांचा हिशेब त्याहून मजेशीर आहे. अमेरिकेत दहा लाख प्रतींना एक प्लॅटिनम मिळते, पण दोन तबकड्यांच्या संचातली प्रत्येक तबकडी वेगळी धरली जाते. त्यामुळे ‘द वॉल’ला तेवीस प्लॅटिनम आणि ‘डार्क साइड’ला पंधरा, असे दिसले तरी ‘द वॉल’चे संच दोन कोटी तीस लाखांच्या निम्मेच, म्हणजे एक कोटी पंधरा लाख. एकेरी तबकडी असलेल्या ‘डार्क साइड’नेच प्रत्यक्षात जास्त घरे पाहिली आहेत.

या सगळ्या आकड्यांमध्ये मला सर्वांत लक्षात राहिलेला आकडा तीसचा आहे. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या गाण्यात शब्द जवळजवळ नाहीतच. त्यात क्लेअर टॉरी या गायिकेचा आर्त, चढत जाणारा आलाप आहे. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी तिला बोलावण्यात आले, शब्द नाहीत, तुझे तू गा, असे सांगण्यात आले, आणि रविवार असल्यामुळे दुप्पट दराने तीस पौंड तिच्या हातावर ठेवण्यात आले. गीतकार-संगीतकाराच्या जागी बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट या एकट्याचेच नाव छापले गेले. तिने २००४ मध्ये दावा लावला आणि २००५ मध्ये तडजोड होऊन तिचे नाव राइटच्या नावाशेजारी छापले जाऊ लागले. बत्तीस वर्षे उशिरा झालेला न्यायही न्यायच, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भारतातल्या आम्हा लोकांची ऐकण्याची तऱ्हा तर कुठल्याच यादीत बसणारी नव्हती. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे असत आणि हा अल्बम त्रेचाळीस मिनिटांचा, त्यामुळे तो एका बाजूवर असा चपखल बसे की जणू त्याच मापाने बेतला होता. पुण्यातल्या आमच्या वसतिगृहात कुणा एकाच्या मामाने परदेशातून आणलेली तबकडी होती आणि तिच्यावरून उतरवलेली, मग त्या कॅसेटवरून उतरवलेली, मग तिच्यावरूनही उतरवलेली कॅसेट खोलीखोलीत फिरत असे. चौथ्या पिढीपर्यंत सुरुवातीचे हृदयाचे ठोके खरखरीत बुडून जात. २०१४ च्या अखेरीपासून अमेरिकेच्या यादीत इंटरनेटवरचे ऐकणेही धरले जाऊ लागले आणि दीड हजार वेळा वाजलेली गाणी म्हणजे एका अल्बमची विक्री, असा पहिला दर ठरला. या अल्बमात दहा गाणी धरली तर पूर्ण अल्बम दीडशे वेळा ऐकला की एक प्रत खपली. त्या दराने आमच्या एकाच मजल्यावर निदान आठ-दहा प्रती सहज खपल्या असत्या. प्रत्यक्षात मामाने घेतलेली तेवढी एकच.