तू नुसते ओठ हलव

जूनमधल्या पालकसभेनंतर पहिलीच्या मुलांचे आईवडील एकेक करून भेटायला येतात. त्यात एक वाक्य दरवर्षी ठरलेलं. "बाई, आमच्याकडे कुणालाच गाण्याचं अंग नाही. याला मागच्या रांगेत उभं केलंत तरी चालेल." मूल तिथेच आईचा हात धरून उभं असतं आणि सगळं ऐकत असतं. थोडं बोलत राहिलं की बरेचदा आईचीच गोष्ट निघते. तिच्या लहानपणी स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात तिला कुणीतरी सांगितलेलं असतं, "तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव." त्यानंतर ती गायलीच नाही. घरच्या आरतीलासुद्धा टाळ्याच वाजवते.

मी पुण्याच्या पेठेतल्या एका मराठी शाळेत पहिली ते चौथीला संगीत शिकवते. शाळेत कुठल्याही मुलाला हे वाक्य पुन्हा ऐकावं लागू नये, एवढं मला फार मनापासून वाटतं. ज्याला आपण बेसूर म्हणतो त्या सहा-सात वर्षांच्या मुलाचा कान बहुतेक वेळा चांगला असतो. त्याला त्याचा गायचा आवाज अजून सापडलेला नसतो, इतकंच.

ही मुलं बोलतात त्याच आवाजात गातात, म्हणून अख्खं गाणं एका सुरात म्हटल्यासारखं होतं. दुसरी अडचण पट्टीची, म्हणजे गाणं किती उंच किंवा खालच्या सुरात धरलं त्याची, आणि ती सर्वस्वी आपण मोठ्यांनी केलेली आहे. परिपाठाची प्रार्थना शिक्षकाच्या गळ्याच्या सोयीने सुरू होते. ती मंद्र पंचमात, म्हणजे सा च्या खालच्या प वर, उतरली की पहिलीतल्या मुलाला तिथे आवाजच नसतो. तो मग पुटपुटतो. ओळ वर गेली की ओरडतो. आपण म्हणतो, मुलांना सूर नाही. पहिलीसाठी मी पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, म्हणजे पांढरी दोनमध्ये, सा धरते आणि गाणं शक्यतो सा ते ध यांच्यातच ठेवते. एवढ्यानेच अर्धा वर्ग सुरात येतो.

उरलेल्या मुलांसाठी पहिले काही तास आम्ही गातच नाही, हाका मारतो. शाळेमागच्या बोळातून भाजीवाला जातो, भंगारवाला जातो. त्यांची हाक शेवटी कशी वर चढते आणि लांबते ते मुलं हुबेहूब करून दाखवतात. रुग्णवाहिकेचा भोंगा, मांजराचं म्याव, वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला खालून मारलेली हाक. बोलण्याच्या आवाजातून बाहेर पडून गळा वर जाऊ शकतो, हे मुलाला या खेळात आपोआप कळतं. गायला सांगितलं असतं तर तो लाजला असता.

दुसरीतला एक मुलगा मागच्या वर्षी यातही अडकून बसला होता. गाणं कुठलंही असो, त्याचा एकच खालचा सूर, आणि तोही जोरात. शेजारची मुलं कानावर हात ठेवायची. एके दिवशी मी वर्गाचा सा सोडून दिला, त्याला एकट्याला एक आ लावायला सांगितला आणि पेटीवर त्याचा सूर शोधला. खालची काळी पाच होती. मग सगळ्या वर्गाला म्हटलं, आज हा आपला सा. चाळीस मुलांनी खर्जात उतरून त्याच्या सुरात आ लावला. तो गाता गाता मध्येच थांबला आणि मान वळवून मागे बघू लागला. आपला आवाज दुसऱ्यांच्या आवाजात मिसळलेला त्याने त्याआधी ऐकलाच नव्हता. मिसळणं म्हणजे काय ते एकदा कानाला कळल्यावर आम्ही अर्धा-अर्धा सूर वर सरकत गेलो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो वर्गाच्या सा ला आला. ही युक्ती माझी नाही, लहान मुलांना गाणं शिकवणारे अनेक जण ती वापरतात. आधी मुलाच्या सुराशी आपण जुळायचं, मग त्याला आपल्याकडे आणायचं.

पेटीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं होतं. तिच्या पट्ट्या आपल्या स्वरांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, निघत नाही, हे आक्षेप होते. माझी तक्रार वेगळी आहे. शिक्षक भाता जोरात मारतो आणि मुलाला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. मग तो ऐकणं सोडून देतो. म्हणून तासाची पहिली दहा मिनिटं माझी पेटी बंद असते, मोबाईलवर तानपुरा लावलेला असतो, तोही अगदी हळू.

सुरुवातीचा राग अर्थातच भूप. यात म आणि नी नाहीत, त्यामुळे शेजारच्या दोन स्वरांमध्ये कुठेही अर्ध्याच सुराचं अंतर येत नाही आणि लहान गळा घसरत नाही. हंगेरीत झोल्टान कोडाय या संगीतकाराने शाळेतल्या मुलांसाठी नेमकी पाच स्वरांपासूनच सुरुवात केली होती. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

तालाचं मात्र पुण्यात मुलांना शिकवावं लागत नाही. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीपात्रात पथकांचा सराव सुरू होतो आणि इकडे माझ्या वर्गातले बाक ताशासारखे वाजायला लागतात. बाकीचे शिक्षक वैतागतात. मी म्हणते, वाजवा, पण मात्रा मोजून वाजवा. शिकवावी लागते ती 'खाली', म्हणजे टाळी न वाजवायची मात्रा. तीनतालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात नुसता उलटा करायचा. चाळीस मुलांत नवव्या मात्रेवर एक तरी टाळी वाजतेच. सगळे हसतात, पुन्हा समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून. आठवडाभराने ज्या दिवशी नववी मात्रा पूर्ण शांत जाते, त्या दिवशी मुलं स्वतःच आरडाओरडा करतात.

गाण्याने गणित सुधारतं का, असं मला वारंवार विचारलं जातं, विशेषतः चाचणी जवळ आली आणि संगीताचा तास मागितला गेला की. बे एके बे, बे दुणे चार हे पाढे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालीतच पाठ झाले, हे खरं आहे. पण गणिताच्या आधारावर मला माझा तास टिकवायचा नाही. मूल सात वर्षांचं आहे आणि त्याला गाता यायला हवं, हे कारण मला पुरतं.

पालकांचा दुसरा प्रश्न, गाण्याच्या पहिल्या, प्रारंभिकच्या परीक्षेला कधी बसवायचं? हे पुणं आहे. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये इथे गायन समाज काढला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला सुरू केलेलं गांधर्व महाविद्यालय १९३२ मध्ये विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात आणलं. परीक्षा, अभ्यासक्रम, सगळं या लोकांच्या कष्टाने उभं राहिलं, त्याचा मला आदर आहे. पण त्यांनी गाणं वर्गात आणलं, अनेकांना एकत्र बसवून शिकवलं, हे मला परीक्षेपेक्षा मोठं वाटतं. परीक्षा नंतर द्या. चौथीपर्यंत त्याला चाळीस जणांत गाऊ द्या.

आमच्याकडे कला विषयाला लेखी पेपर नाही, वर्णनात्मक नोंदी असतात. नोंदवहीत "गीते तालासुरात म्हणतो" हे छापील वाक्य सगळ्यांपुढे उतरवलं जातं. मला ते लिहवत नाही. त्या दुसरीतल्या मुलापुढे मी असं लिहिलं: "खालच्या काळी पाचपासून सुरुवात केली, आता वर्गाच्या सा ला न सांगता येतो. पंचमावर अजून ओरडतो. पुढच्या सत्रात पंचम हळू लावून घेणे. घरी गातो, असं आई सांगते. तो धरेल त्या पट्टीत आईने सोबत गावं, असं कळवलं आहे."