कापशीचा जोड : तळ झाले, कान बसले, वादी चालू आहे

कापशी या घाटाची कोल्हापुरी चप्पल घरी करतोय. दोन्ही पायांचे तळ कापून झालेत, कान (पट्टा जोडायचे बाजूचे पंख) दोन तळांच्या मध्ये बसवलेत आणि डाव्या पायाची वादी, म्हणजे शिवायची चामड्याची बारीक पट्टी, टाचेपर्यंत पोचली आहे. पट्टा, अंगठा अडकवायची कडी, वेणी बाकी. जोड पुरा होण्याआधीच लिहायला बसलो, कारण आतली रचना आत्ताच दिसते. खालचा तळ चारी बाजूंनी शिवला गेला की कानाचं बूड कुठे आणि कसं दाबलंय ते कुणालाच दाखवता येत नाही.

आपल्या पुण्याच्या चामडेकामाच्या गटातले बहुतेक जण पाकीट, कमरेचा पट्टा, वहीचं कव्हर असं करत या छंदात आले. हत्यारं परदेशी पद्धतीची, शिकवणी व्हिडिओंची, टाका सॅडल स्टिचचा, म्हणजे एका दोऱ्याला दोन सुया लावून घातलेला. मीही त्याच वाटेचा. पण कोल्हापूरला जाऊन कारागिराशेजारी बसल्यापासून माझं मत पक्कं झालंय: टाका नंतर, आधी कातडं ओळखता आलं पाहिजे. पाकिटात जेमतेम दीड मिलिमीटरचं चामडं असतं, तिथे टाका सुबक असला की बाकीचं खपून जातं. चपलेवर माणसाचं अख्खं वजन येतं. तिथे चुकीच्या जागेचा तुकडा घेतला तर टाका कितीही देखणा असो, महिन्याभरात पट्टा ढिला पडतो.

म्हणून आधी चामड्याविषयी, आणि जरा सविस्तर.

हे म्हशीचं आहे, झाडाच्या सालीवर कमावलेलं. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे इथे आता तळासाठी मुख्यतः म्हशीचंच चामडं हाती येतं. बैलाच्या मानाने याचा दाणा (केसांकडचा वरचा पृष्ठभाग) जाड, केसांची छिद्रं लांब लांब, तंतू थोडे सैल. जाडी मात्र भरपूर मिळते. जुनी कोल्हापुरी पद्धत बाभळीच्या सालीची आणि हिरड्याची. चुन्यात भिजवून केस आणि मांस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवायचं, उंच टांगायचं आणि आत साल-हिरड्याचं पाणी भरायचं. पाणी कातड्यातून झिरपत खाली ठिबकतं, ते पुन्हा वर ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरचा भागही तितकाच मुरतो. असं कमावलेलं चामडं घट्ट, तांबूस आणि ताठ होतं. ओलं करून आकार दिला तर सुकल्यावर तो धरून ठेवतं. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ राहतं, पाणी सोसतं, पण असा आकार धरत नाही आणि त्याची कडही घासून चकचकीत होत नाही.

दुकानात दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, हे नवीन मंडळी दर बैठकीत विचारतात. आधी कडेचा छेद बघा. क्रोमच्या गाभ्यात बहुतेक वेळा निळसर राखाडी रेघ दिसते, सालीच्या चामड्यात आरपार तपकिरी. मग पाण्याचा एक थेंब टाका. बिनपॉलिशचं सालीचं चामडं तो लगेच पितं आणि डाग गडद होतो. तरी शंका राहिली तर कोपऱ्याची एक चिमूट घरी नेऊन जाळा. क्रोमची राख हिरवट येते.

आता जागा. पाठीचा कणा मधोमध धरला तर त्याच्या दोन्ही बाजूंचा, शेपटीकडचा भाग सर्वांत घट्ट. मानेवर सुरकुत्या असतात. पोटाकडचा भाग सैल, ओढला की लांबतो आणि परत येत नाही. तळ पाठीतूनच घ्यायचा. पट्टा आणि कान कापताना दिशासुद्धा बघायची, कारण कण्याला समांतर चामडं कमी ताणतं, आडवं जास्त. अख्खं कातडं समोर असेल तर हे सोपं आहे. आपण मात्र बहुधा तुकडे घेतो, त्यावर कणा कुठे लिहिलेला नसतो. त्यासाठी मला दाखवलेली रीत अशी: तुकडा दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरायचा, आधी उभा आणि मग आडवा ओढायचा, आणि डोळे मांसाच्या बाजूवर ठेवायचे. सैल दिशेला ओढलं की तिथले तंतू उघडल्यासारखे दिसतात, घट्ट दिशेला पृष्ठभाग तसाच राहतो. मग तुकडा दाण्याची बाजू आत ठेवून दुमडायचा. बारीक, एकसारख्या सुरकुत्या पडल्या तर पाठीचा. मोठे, पोकळ फुगवटे आले तर पोटाचा, तो तळाला घ्यायचा नाही. त्या कारागिराने ढिगातले तुकडे हातात घेऊन नुसत्या स्पर्शाने वेगळे काढले. मला अजून दुमडूनच बघावं लागतं, पण अंदाज बरोबर यायला लागलाय.

जाडी अशी धरली आहे: खालचा तळ 4 मिलिमीटरच्या आसपास, वरचा 3, कान आणि पट्टा अडीच. टाचेला वेगळे थर.

भिजवण्याबद्दल. तळाचे तुकडे पाण्यात सोडले की बुडबुडे येतात. ते थांबले की बाहेर काढायचे आणि ओल्या सुती कापडात रात्रभर गुंडाळून ठेवायचे. सकाळी वरचा रंग जवळजवळ कोरड्यासारखा दिसतो, पण गालाला लावलं तर गार लागतं. काम करायची वेळ तीच. चिंब ओलं चामडं ठोकलं तर चेपतं आणि धार घसरते, कोरडं असेल तर आरी (भोक पाडायचं टोकदार हत्यार) आत जायला मागत नाही.

या ओल्या अवस्थेत लोखंड लांब ठेवा. सालीतला टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा डाग पडतो, आणि तो वरवरचा नसतो. हिराकस (लोहाचा क्षार) आणि हिरडा यांची जी काळी शाई पूर्वी करायचे, तीच ही क्रिया. म्हणून ठोकायला मी स्वयंपाकघराच्या ओट्यातून कापून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा वापरतो. खाली सायकलच्या ट्यूबचे दोन थर घातले की खालच्या मजल्यावर आवाजही कमी जातो. हातोडीचं तोंड घासून गुळगुळीत केलेलं आणि कोरडं हवं. काळाच रंग हवा असेल तर मात्र याच क्रियेचा उपयोग करून घ्या. व्हिनेगरमध्ये स्टील वूल (गंजणाऱ्या साध्या लोखंडाची बारीक लोकर, स्टेनलेस घासणी नव्हे) विरघळू द्या. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. पाणी गाळून चामड्यावर फिरवलं की डोळ्यांदेखत काळं होतं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं आणि हलका तेलाचा हात द्यायचा. हा रंग हाताला लागत नाही. पुढे एखादा काळा जोड याच रंगात करायचा विचार आहे.

कापायला रापी, म्हणजे चांभाराचं रुंद पात्याचं हत्यार. आपल्या नेहमीच्या कटरने 4 मिलिमीटरचा तळ कापता येतो, पण गोलाईवर पातं कलतं आणि वरच्या-खालच्या कडा जुळत नाहीत. रापी ढकलत, किंचित डोलवत चालवायची. धार मात्र सतत लागते. दर थोड्या वेळाने लाकडी पट्टीवर चिकटवलेल्या चामड्यावर हिरवं पॉलिश लावून पातं फिरवायचं, हा वेळ कामाचाच धरायचा.

या जोडात सगळ्यात जास्त विचार कानांवर गेला. कान म्हणजे दोन्ही बाजूंनी वर येणारे ते पंख, पट्टा त्यांनाच जोडला जातो. त्यांचं बूड वरच्या आणि खालच्या तळाच्या मध्ये दाबलेलं असतं. चप्पल पायात बसते की सुटते ते इथेच ठरतं. कान पुढे गेले तर पट्टा बोटांच्या सांध्यावर घासतो, मागे गेले तर पाय पुढे सरकतो. मी आधी कागदावर पाय आखला, उभं राहून, बसून नव्हे, कारण वजन आलं की पाऊल पसरतं. मग पावलाच्या उंचवट्याची जागा आतून आणि बाहेरून वेगवेगळी खूण केली. आतली बाजू थोडी पुढे येते, बाहेरची थोडी मागे. कारागिराने यासाठी पट्टी वापरलीच नाही, वरच्या तळावर पाय ठेवायला सांगितलं, अंगठ्याने दाबून नखाने ओरखडा काढला आणि कान तिथे लावला. माझ्या कागदी आखणीशी तो ओरखडा तंतोतंत जुळला तेव्हा फार आनंद झाला, कारण घरी एकट्याने करताना ती आखणी भरवशाची ठरणार. बुडाशी कान तासून पातळ करायचा, नाहीतर तळाच्या मध्ये उंचवटा राहतो आणि चालताना टोचतो.

आता वादी. अस्सल कोल्हापुरीत खिळा नाही, चामडं चामड्यानेच शिवायचं. मी पातळ, घट्ट चामड्यातून साधारण 3 मिलिमीटर रुंदीच्या वाद्या कापल्या, टोक निमुळतं केलं, वादी दमट ठेवली. आरीने एका वेळी एकच भोक पाडायचं आणि लगेच वादी ओवायची, कारण दमट चामड्यातलं भोक काही क्षणांत मिटायला लागतं. आपण पाकिटाला सगळी भोकं आधी पाडून मग शिवतो, ती सवय इथे सोडावी लागते. ओढताना झटका द्यायचा नाही, तुटते. सावकाश ओढायची आणि प्रत्येक टाक्यावर हातोडीचा हलका ठोका द्यायचा. टाका चामड्यात बसतो आणि सुकताना तळ आकसून वादीला धरून ठेवतो. डाव्या पायाचे आधीचे टाके आता पूर्ण सुकलेत. नखाने उचकटून बघितलं, हलत नाहीत. गोंद कुठेही लावलेला नाही.

एक गोष्ट या नोंदीत लिहायचीच होती. आपण सुट्टीच्या दिवशी आवडीने जे करतो, ते काम पिढ्यान्‌पिढ्या चर्मकार आणि ढोर समाजाने केलं, आणि त्याच कामासाठी गावाने त्यांना बाहेर ठेवलं. चुन्याच्या हौदाचा वास, हाताला पडलेल्या भेगा त्यांच्या वाट्याला आल्या. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला बळ दिलं, 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आहेत. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच सँडल दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर त्यांनी ते मान्य केलं. त्या वेळी आपणही सगळे चिडलो होतो. तो राग खरा असेल तर आपल्या गटातही तोच नियम हवा, असं मला मनापासून वाटतं. कारागिराला शिकवायला बोलावलं तर प्रवासखर्च आणि पूर्ण दिवसाची मजुरी आधी ठरवून द्यायची. व्हिडिओ काढायचा तर विचारून. आणि आपण केलेला जोड ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून विकायचा नाही, पुण्यात बसून केलेलं काम ते नाही. गेल्या बैठकीत हे तिन्ही मुद्दे सगळ्यांनी मान्य केले, याचं मला फार समाधान आहे.

वेणीबद्दल थोडक्यात, कारण अजून हात बसतोय. शेळीच्या पातळ चामड्याच्या पट्ट्या, दीड मिलिमीटर रुंद. मूळ घरांमध्ये हे नाजूक काम बहुतेक वेळा बायका करतात आणि त्यांचा वेग बघून थक्क व्हायला होतं. सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या असणं हा अर्धा विजय. मी त्यासाठी लाकडी ठोकळ्यात पातं बसवून पट्टी ओढायची सोय केली आहे, पुढच्या बैठकीला आणतो, कुणाला हवी असेल तर माप घेऊन जा.

पावसाळा सुरू आहे, त्यामुळे साठवणीचं सांगून ठेवतो. सालीच्या चामड्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत हमखास बुरशी येते. सुती कापडात किंवा ब्राउन पेपरमध्ये गुंडाळा, भिंतीला टेकवून ठेवू नका, आठवड्यातून एकदा उघडून पंख्याखाली धरा. पांढरी बुरशी दिसलीच तर घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसा, मग स्पिरिटचा अगदी हलका हात, आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवलं की कडा वाकतात आणि दाणा तडकतो. शिवत आणलेला जोडही सावलीतच, आत कागदाचे बोळे भरून सुकवायचा. या हवेत उजव्या पायाचा तळ सुकायला उन्हाळ्याच्या दुपटीहून जास्त वेळ घेतोय, म्हणून वादीचं काम मुद्दाम सावकाश ठेवलंय.

पुढचा टप्पा असा: उजव्या पायाची वादी पुरी करायची, टाचेचे थर लावायचे, मग दोन्ही पट्टे एकाच तुकड्यातून, शेजारी शेजारी, कण्याला समांतर कापायचे, म्हणजे ताण दोन्ही पायांना सारखा येईल. पट्ट्यासाठी तुकडा काढून ठेवलाय. कुणाकडे 4 मिलिमीटरच्या वरचं, पाठीचं, सालीवर कमावलेलं म्हशीचं चामडं उरलं असेल तर कळवा. टाचेला एक थर कमी पडतोय, बदल्यात शेळीच्या पट्ट्या कापून देईन.