एकूण आकड्यात न दिसणारं

माझं काम मृत्यूच्या तक्त्यांचं. आयुर्विमा कंपनीत ॲक्च्युअरी असल्यामुळे चाळिशीतल्या हजार माणसांपैकी वर्षभरात किती जातील, साठीतल्या किती, हे रकाने दिवसभर डोळ्यांसमोर असतात. लग्नसमारंभात कुणी विचारलं, काय करतेस, आणि मी खरं उत्तर दिलं, की समोरचा जेवणाच्या रांगेकडे बघायला लागतो.

म्हणून प्राण्यांची संख्या कशाने वाढते-घटते ते वाचायला घेतलं आणि पहिल्याच झटक्यात माझाच तक्ता समोर आला, तेव्हा फार बरं वाटलं. एडवर्ड डीव्ही या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये विमेवाल्यांची ही पद्धत जंगली प्राण्यांना लावून दाखवली. त्यातली एक सारणी अलास्कातल्या डॉल मेंढ्यांची. वन्यजीव अभ्यासक ॲडॉल्फ मूरी यांनी डोंगरात मेलेल्या ६०८ मेंढ्यांच्या कवट्या गोळा केल्या होत्या, आणि शिंगांवरच्या वलयांवरून मेंढी कितव्या वर्षी मेली ते कळत होतं. डीव्हीने ते मांडलं. कोकरं पहिल्या वर्षी भराभर मरतात, मग बरीच वर्षं मृत्यू कमी, आणि म्हातारपणी पुन्हा चढ. आमच्या ऑफिसात कुणाला नाव झाकून तो आलेख दाखवला, तर माणसांचाच म्हणतील.

वरवर पाहता हिशेब चारच बाबींचा आहे: जन्मले, मेले, बाहेरून आले, निघून गेले. पण या धंद्यात राहून एक सवय लागते. किती मेले यापेक्षा कोण मेलं हे आधी विचारायचं. वन्यजीवांच्या बातम्यांत नेमकं हेच नसतं. 'संख्या घटली' एवढं वाचून मला काहीही कळत नाही.

समुद्री कासवांचं उदाहरण घ्या. मादी एका हंगामात शेकडो अंडी घालते, किनाऱ्यावर ती कुत्री-कोल्हे उकरतात, माणसं नेतात. म्हणून वर्षानुवर्षं सगळा जोर अंडी राखण्यावर होता. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी लॉगरहेड कासवांची सारणी मांडून गणित केलं, तर निष्कर्ष असा, की अंड्यांचं आणि पिल्लांचं रक्षण कितीही चोख झालं तरी तेवढ्याने घसरण थांबत नाही. खरा तोटा होता मोठ्या, अजून वयात न आलेल्या कासवांचा. ती कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांत अडकून बुडत होती. कासवाला वयात यायला दोन-तीन दशकं लागतात. इतकी वर्षं तगलेलं एक कासव गेलं, की ती जागा भरायला किती अंडी लागतील याचा अंदाज करून बघा. मग जाळ्यांना कासव बाहेर पडेल अशी खिडकी बसवण्यावर भर आला. अंडी राखणं चुकीचं नव्हतं, पण गळती दुसरीकडे होती.

गिधाडांचं तसंच, जास्त भयंकर. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं. असा पक्षी टिकतो तो प्रौढ पक्षी सहसा मरत नाहीत या एकाच आधारावर. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने तो आधारच काढला; मेलेलं गुरू खाल्लं, की ते गिधाडाच्या पोटात जातं. मेलेल्या गुरांपैकी शंभरात एकाहूनही कमी जनावरांत घातक मात्रा असली, तरी दक्षिण आशियात दिसलेल्या घसरणीला ती पुरेशी होती. एका मढ्यावर पन्नास-पन्नास गिधाडं बसणार, मग गणित वेगळं होणार कसं? भारताने गुरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद केलं. बंदी एका दिवसात लागू होते. पाच वर्षांचं गिधाड मात्र पाच वर्षांनीच तयार होतं.

उलट सशांसारख्यांना मरण नवीन नसतं, ते जन्मावर तगतात. तिथेही गंमत आहे. कॅनडातल्या हिमससे आणि लिंक्स (मोठी रानमांजरं) यांचं साधारण दहा वर्षांचं चक्र प्रसिद्ध आहे. लिंक्स ससे खातात हे उघडच, पण शिकारी वाढलेल्या वर्षांत जिवंत राहिलेल्या माद्याही ताणाखाली असतात आणि त्यांना पिल्लं कमी होतात. म्हणजे भीतीची नोंद मृत्यूच्या रकान्यात होत नाही, जन्माच्या रकान्यात होते. हे वाचून मी चहा थंड होऊ दिला.

आता बेरिंग समुद्रातलं सेंट मॅथ्यू बेट. १९४४ मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाने तिथे २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी नाहीत, आणि दगडफुलाचा जाड गालिचा. १९६३ पर्यंत कळप ६,००० वर गेला. तेव्हाच जनावरांची वजनं उतरली होती, पाडसांचं प्रमाण कमी झालं होतं, दगडफूल जवळजवळ संपलं होतं. एकूण आकडा मात्र आजवरचा सर्वांत मोठा. पुढच्या कडक हिवाळ्यात कळप कोसळला. १९६६ मध्ये उरले ४२. त्यांत नर एकच, तोही बिघडलेल्या शिंगांचा, आणि पाडस एकही नाही. बेचाळीस जिवंत असूनही त्या कळपाचा हिशेब तिथेच मिटला होता.

मध्य आशियातल्या सैगा हरणांची गोष्ट याच्या शेजारी ठेवावी. २०१५ मध्ये कझाकस्तानात एका जिवाणूच्या साथीने काही आठवड्यांत दोन लाखांवर सैगा मेले. आज तिथे वीस लाखांहून जास्त आहेत. सैगाची मादी पहिल्याच वर्षी वयात येते आणि पुढे बहुधा जुळ्यांना जन्म देते; शिकार आवरली, माळ मोकळा मिळाला, तर भरपाई झपाट्याने होते. पण याच सैगांचा त्याआधीचा, नव्वदीनंतरचा काळ बघा. शिंगं फक्त नराला असतात आणि चोरटे शिकारी शिंगांसाठी मारत होते. माद्या होत्या, गवत होतं, पण नर इतके कमी झाले की कित्येक माद्या गाभण राहिनात. आता पुन्हा वाढलेले सैगा पिकं खातात म्हणून त्यांची संख्या कमी करायचं ठरलं आहे. किती मारायचे यावर वाद चालू आहे. मी असते तर पहिला रकाना नर-मादीचा उघडला असता, दुसरा वयाचा, आणि एकूण बेरीज सगळ्यात शेवटी बघितली असती.