चाकांवरची आगोट

एप्रिलचा दुसरा शनिवार. मिशिगनमध्ये झाडं अजून काटक्यांसारखी उभी आहेत, गॅरेजच्या उत्तरेला सावलीत बर्फाचा एक मळका ढीग हट्टानं बसलाय, आणि मी आमच्या ट्रेलरच्या छपरावर गुडघ्यांवर रांगतेय. खाली नवरा शिडी धरून उभा. त्याला उंचीची भीती वाटते. तसं तो कबूल करत नाही. "तू हलकी आहेस, छपराला तेवढाच कमी भार," असं म्हणतो.

आरव्ही म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे सोफे-बिफे असलेली बसएवढी गाडी येते. आमचं तसं काही नाही. गाडीमागे जोडून ओढायची बावीस फुटांची खोली आहे ती. एक पलंग, रात्री खाली पाडलं की मुलीचा पलंग होणारं टेबल, दोन शेगड्या, आणि साबण खाली पडला तर उचलायला बाहेर यावं लागेल असं न्हाणीघर. ऑक्टोबरअखेर या खोलीला झोपवायचं आणि एप्रिलमध्ये उठवायचं. उठवायची सुरुवात मी छपरापासून करते. का, ते सांगते.

या छपरावर पांढऱ्या रबराची अखंड चादर ताणून बसवलेली असते. चादर सहसा दगा देत नाही. पाणी शिरतं ते भोकांपाशी: हवेचा झरोका, न्हाणीघरावरची काच, टाकीच्या वासाला वाट करून देणारी नळकांडी. या सगळ्यांच्या कडेनं एक चिकट लेप दिलेला असतो. थंडीत तो आक्रसतो, उन्हात सैलावतो, आणि एखाद्या वर्षी केसाएवढी चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला लागते. म्हणून मी अंगठा दाबत दाबत सगळ्या कडा फिरते. चीर सापडली की पुसून कोरडी करायची आणि वर नवा लेप सोडायचा. तो आपणहून पसरतो, पाक ताटात ओतल्यासारखा. शेजारच्यांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं की इथे साधं सिलिकॉन लावू नको, त्याच्यावर पुन्हा दुसरं काही धरत नाही.

हे काम करताना मला दर वर्षी दापोली तालुक्यातलं आमचं घर आठवतं. आठवतं कसलं, गुडघ्यांना जाणवतं.

वैशाखात आमच्याकडे आगोटीची धांदल असायची. पावसाचे चार महिने बाजार दूर, रस्ता चिखलाचा, म्हणून सगळं घरात भरून ठेवायचं. कांद्याच्या माळा वाशांना, सुकट डब्यात, कोकमाची सोलं बरणीत, फणसाची साठं सुपात, लाकडं पडवीत रचून. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे शाकारणी. अण्णा आणि वाडीतला एक गडी घरावर चढायचे, कौलं उतरवायचे, कुजकी रीप काढून नवी ठोकायचे आणि फुटकी कौलं बाजूला टाकून बाकीची पुन्हा रचायचे. आम्ही मुली खाली रांगेत उभ्या राहून कौलं हातोहात वर पोचवायचो. मला वर चढायचं असायचं. आजी म्हणायची, "बाईमाणसानं घरावर चढू नये." चढलं तर काय होतं, ते तिनं कधी सांगितलं नाही. मला वाटतं, तिलाही माहीत नसावं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडाकडे आंबे, पोफळी, विजेचे खांब सगळं आडवं झालं. आमच्या घरावरची निम्मी कौलं अंगणात. फोन लागत नव्हते. चौथ्या दिवशी अण्णांचा आवाज ऐकला तेव्हा ते पहिलं वाक्य बोलले, "कोन्यापासून गेलं गं सगळं." विमानं बंद, मी इथे. पैसे पाठवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. पावसाच्या तोंडावर सगळ्या पंचक्रोशीला एकदमच कौलं हवी होती, ती कुठून मिळणार? अण्णांनी पत्रे घातले.

त्याच उन्हाळ्यात आम्ही हा ट्रेलर घेतला. तेव्हा इथे अर्ध्या देशाला तेच सुचलं होतं. हॉटेलं नकोत, विमानं नकोत, आपली खोली आपल्याबरोबर. आमचा ट्रेलर इंडियानातल्या एल्खार्टचा. या देशातले बहुतेक ट्रेलर त्याच भागात तयार होतात. तिथल्या कारखान्यांत आमिश लोक मोठ्या संख्येनं कामाला असतात. स्वतः घोड्याच्या बग्गीतून फिरतात आणि दुसऱ्यांसाठी चाकांवरची घरं बांधतात. अण्णांना हे सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. "सुताराचं स्वतःचं घर बघितलंयस का कधी?" म्हणाले.

म्हणजे शाकारणी आमच्या घरात एका वर्षाचीही चुकली नाही. तिथली थांबली आणि इथली सुरू झाली, एवढंच. फरक असला तर दिशेचा. ती आगोट चार महिने घरात बसायची होती, ही पाच महिने घराबाहेर पडायची.

तर छपरानंतर पाणी. ऑक्टोबरमध्ये नळांतलं सगळं पाणी काढून त्यांत गुलाबी अँटीफ्रीझ भरून ठेवतो. गाडीत घालतात ते वेगळं; ते विषारी. हे गुलाबी त्या मानानं निरुपद्रवी. एप्रिलमध्ये एकेक नळ सोडला की आधी तेच येतं. मुलीनं पहिल्या वर्षी त्याचं नाव रूहअफजा ठेवलं, तेव्हापासून "रूहअफजा गेलं का?" असंच विचारायचं. ते फिकट होत होत नितळ पाणी आलं की गीझरला टाळून जाणारी वळणवाट बंद करून पाणी त्याच्या टाकीत सोडायचं. मग टाक्या निर्जंतुक करायच्या. पंधरा गॅलन पाण्याला पाव कप साधं ब्लीच, सगळ्या नळांतून वास येईपर्यंत खेळवायचं, रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी धुऊन काढायचं. त्या वासानं मला थेट गावच्या विहिरीवर नेऊन सोडलं. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायला यायचा आणि दोन दिवस चहाला तरणतलावाची चव यायची.

गेल्या वर्षी सगळे नळ झाले, एकही थेंब कुठे गळत नव्हता, मी स्वतःवर खूश. तेवढ्यात नवऱ्यानं आतून हाक मारली, "अगं, पलंगाखालची पेटी ओली आहे." ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला एक छोटं झाकण असतं. त्यामागे पाय धुवायला बाहेरचा शॉवर. आम्ही तो वर्षातून दोनदा वापरतो, आणि ऑक्टोबरमध्ये त्यात गुलाबी भरायचं मी साफ विसरले होते. पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं. नळ्या लवचीक असतात, त्या सोसतात. प्लॅस्टिकचा सांधा सोसत नाही. त्या सांध्याला एक चीर गेली होती, नखानं ओरखडा काढावा तशी. तिच्यातून पाणी भिंतीच्या आतून, कुणालाही न सांगता, पलंगाखाली गादीच्या चादरींत मुरत होतं. दोष सर्वस्वी माझा होता. तरी मी नवऱ्याला म्हटलं, "तू आठवण का नाही केलीस?" संसार असाच चालतो.

गॅसची तपासणी मात्र मला जन्मजात येते. पुढच्या दांड्यावर प्रोपेनच्या दोन टाक्या असतात. सांध्यावर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा फुगतोय का बघायचं. गावाला सिलिंडर आला की अण्णा हेच करायचे, आणि वर कड्यावर लिहिलेलं अक्षर वाचून दाखवायचे: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे तपासणीचं साल. तशी लिपी इथे टायरवर असते. शेवटचे चार आकडे: आमच्यावर १२२० होते, म्हणजे २०२० सालच्या बाराव्या आठवड्यातला टायर. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, बसून बसून म्हातारे होतात. वरून नक्षी नव्यासारखी आणि आतून रबर सुकलेलं. पाच-सहा वर्षांनी बदलावेत असं जाणते सांगतात. हायवेवर टायर फुटलेला एक ट्रेलर मी पाहिलाय, त्यामुळे यात मी काटकसर करत नाही.

आणि उंदीर. दर हिवाळ्यात एखादं बिऱ्हाड असतंच. या वर्षी चमच्यांच्या खणात घरटं होतं, मऊ, गोल, निगुतीनं विणलेलं, आणि सगळं जुन्या कालनिर्णयच्या पानांचं. एका कपट्यावर 'आश्विन' शाबूत होता. कोरडा झाडू मारायचा नसतो, उंदरांच्या लेंड्यांतून आजार पसरू शकतो. ब्लीचचं पाणी मारून, भिजवून, हातमोजे घालून पुसायचं. ते केलं. 'आश्विन' मात्र टाकवेना, फोटो काढून ठेवला.

खरं तर मोसमाची तयारी एप्रिलमध्ये नाही, जानेवारीतच सुरू होते. मिशिगनच्या सरकारी उद्यानांत जागा सहा महिने आधी मिळते आणि खिडकी उघडते सकाळी आठला. जुलैच्या सुट्टीत तळ्याकाठची जागा हवी तर जानेवारीत, बाहेर गोठलेलं असताना, आठला दोन मिनिटं कमी असल्यापासून बोट बटणावर ठेवून बसायचं. आमच्या घरी हा सराव जुना आहे. गणपतीला कोकण रेल्वेचं आरक्षणही आठलाच उघडतं. पूर्वी १२० दिवस आधी, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस. माझा भाऊ तिकडे "गेलं, गेलं, वेटिंग!" म्हणून कपाळावर हात मारतो आणि मी इकडे.

कधी कुठे जायचं, याचंही गणित बसलंय. मे महिन्यात उत्तरेला जायचं नाही, तिथल्या काळ्या माश्या माणूस सोलून काढतात. जूनमध्ये स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्या. ऑगस्टमध्ये मॅकिनॉ पूल ओलांडून टाक्वामेनॉनचा धबधबा. त्याचं पाणी दलदलीतल्या झाडांच्या अर्कानं तांबूस झालेलं, मोठ्या पातेल्यातून कोरा चहा ओततोय कुणी असं वाटतं. तो पूल पाच मैलांचा, १९५७ सालचा. वारा असला की आमच्यासारख्या उंच गाड्यांना सावकाश नेतात, कधी थांबवूनच ठेवतात. सप्टेंबरमध्ये मंडळाचा गणपती, त्यामुळे एक शनिवार-रविवार गेला. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला पानांचे रंग, आणि संपलं.

सामान भरणं हा नवऱ्याचा प्रांत. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीला जोडायच्या पुढच्या आकड्यावर पडायला हवा. कमी पडला तर ट्रेलर मागे शेपूट हलवल्यासारखा डुलायला लागतो, आणि ते डुलणं वाढत गेलं की थांबवणं कठीण. म्हणून तो प्रत्येक वस्तू उचलून बघतो आणि माझ्याकडे बघतो. "पाटा कशाला?" पाटा नव्हता तो, छोटा खलबत्ता होता. गेल्या वर्षी दहा किलो तांदूळ मागच्या कपाटात ठेवला म्हणून त्यानं मला भौतिकशास्त्र शिकवलं होतं. आता तांदूळ चाकांच्या वर, मेतकुटाची बरणी माझ्या मांडीवर. जळाऊ लाकडं मात्र घरून न्यायची नाहीत. २००२ मध्ये याच भागात एक हिरवा भुंगा सापडला. लाकडांबरोबर तो गावोगाव गेला आणि त्यानं अॅशची कोट्यवधी झाडं मारली. आमच्या रस्त्यावरची दोन्ही झाडं त्यातच गेली. जिथे जाळायची तिथेच विकत घ्यायची.

पहिली सहल आम्ही मुद्दाम अर्ध्या तासावर करतो. काय विसरलं ते कळायला. या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. चहागाळणी विसरली होती. रात्री दहाला पाऊस सुरू झाला. मुलगी झोपलेली, नवऱ्यानं न बोलता झरोक्याखाली एक पातेलं आणून ठेवलं. मी त्याच्याकडे पाहिलं. "असू दे," म्हणाला.

मी अण्णांना फोन लावला. त्यांच्याकडे सकाळचे साडेसात.

"शाकारलंस का?"

"शाकारलं. पाऊस पण लागलाय."

"तुमच्याकडे आधी लागला होय? इथं उकडतंय नुसतं." मग म्हणाले, "ऐकव बघू."

मी पलंगावर उभी राहून फोन छताला टेकवला. रबराच्या खाली लाकडाची फळी असते, त्यामुळे आवाज ताडताड येत नाही, बोदा येतो, दुरून आल्यासारखा. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कटला.

"कौलांसारखा वाजतो गं," अण्णा म्हणाले. "पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नाही आता." आणि लगेच, "ती परवा म्हणत होतीस ती चीर. कोपऱ्याला हात लावून बघितलंस?"

लावला. ओला नव्हता. गार होता फक्त.